क्योतोची पत्त्यांची पेढी

जपानमधील क्योतो हे नगर हजार वर्षांहून अधिक काळ त्या देशाची राजधानी होते. तेथील देवळे, दगड-वाळूच्या बागा, लाकडी घरांच्या अरुंद गल्ल्या आणि कामो नदीचा संथ प्रवाह पाहण्यासाठी जगभरातून प्रवासी जातात. त्यांपैकी काही जण मात्र देवळांची वाट सोडून नदीच्या पश्चिमेकडील कागियाचो या शांत वस्तीत शिरतात. तेथे १९३० साली बांधलेली, त्या काळच्या पाश्चात्त्य धाटणीची एक इमारत उभी आहे. दारापाशी जुना फलक आहे. 'यामाउची निन्टेंडो' हे पेढीचे नाव आणि ही पेढी खेळण्याचे पत्ते तयार करते, एवढाच मजकूर त्यावर आहे.

या फलकापुढे थबकणारी माणसे लहान मुले नसतात. कोणाचे केस पिकलेले असतात, कोणाच्या नाकावर चाळिशीचा चष्मा असतो. कोणी व्यापारी, कोणी शिक्षक, कोणी बँकेतला अधिकारी. हे सारे व्हिडिओ गेमचे हौशी आहेत. ज्या खेळांनी त्यांचे बालपण व्यापले, त्या खेळांचे मूळ घर पाहण्यासाठी ते आलेले असतात.

प्रौढ माणसाने व्हिडिओ गेम खेळावा, ही गोष्ट आपल्या घरांत अजून हसण्यावारी नेली जाते. परंतु हिशेब साधा आहे. निन्टेंडोचे 'फॅमिकॉम' हे घरगुती यंत्र जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी विक्रीस आले. त्या दिवशी जो मुलगा आठ वर्षांचा होता, त्याने आता पन्नाशी गाठली आहे. अमेरिकेतील या उद्योगाच्या संघटनेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात खेळणाऱ्यांचे सरासरी वय ३६ दिले आहे. म्हणजे हा छंद आता मुलांपुरता राहिलेला नाही. तो आईवडिलांचाही आहे.

भारतातील त्या पिढीची आठवणही फारशी वेगळी नाही. नव्वदीच्या दशकात आपल्याकडे बाजारात जी स्वस्त 'टी.व्ही. गेम' यंत्रे मिळत, त्यांतील बहुतेक या फॅमिकॉमच्याच नकला होत्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या घरी सारी भावंडे दूरदर्शन संचापुढे फतकल मारून बसत आणि मारिओ नावाच्या मिशीवाल्या कारागिराला उड्या मारायला लावत. खेळाच्या डबीला सगळे 'कॅसेट' म्हणत. ती चालली नाही की तिच्यात फुंकर मारण्याचा उपाय ठरलेला होता. खरे तर फुंकरीतील ओलाव्याने आतील धातूचे संपर्क खराब होतात. कॅसेट काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे ती चालत असे. श्रेय मात्र फुंकरीला मिळे.

त्या यंत्राची मूळ पेढी मात्र पत्त्यांची होती. २३ सप्टेंबर १८८९ रोजी फुसाजिरो यामाउची या कारागिराने क्योतोत 'हानाफुदा' म्हणजे फुलांचे पत्ते बनवण्याचा उद्योग सुरू केला. हानाफुदाच्या जुडग्यात ४८ पत्ते असतात. वर्षाचे बारा महिने, प्रत्येक महिन्याचे एक झाड वा फूल आणि त्याचे चार पत्ते, अशी त्याची रचना असते. जानेवारीला पाइन, फेब्रुवारीला प्लमचा मोहोर, मार्चला चेरी, सप्टेंबरला शेवंती, ऑक्टोबरला मेपल. पत्त्यांवर आकडे नसतात. जुगाराच्या पत्त्यांवर जपानी राजसत्तेने शतकानुशतके वारंवार बंदी घातली होती, त्या बंदीशी झगडतच ही आकडे नसलेली रचना रूढ झाली. मेइजी काळात बंदी सैल झाली आणि फुसाजिरोने संधी साधली.

येथे एक गोष्ट लपवण्याचे कारण नाही. या पेढीच्या आरंभीच्या भरभराटीत जुगारी अड्ड्यांचा वाटा होता. अट्टल जुगारी प्रत्येक डावाला नवे कोरे जुडगे मागत, कारण जुन्या पत्त्यांवर खुणा केलेल्या असण्याची भीती असे. त्यामुळे माल भरपूर खपे. ज्या पेढीचे नाव आज घरोघरच्या मुलांच्या तोंडी आहे, तिच्या पहिल्या खतावणीत असे गिऱ्हाईकही होते. पुढे याच पेढीने आपला माल कुटुंबाच्या बैठकीत कसा नेला, हे व्यापारी घराण्यांनी मुद्दाम पाहण्यासारखे आहे.

फुसाजिरोला मुलगा नव्हता. जपानी व्यापारी घराण्यांत अशा वेळी कर्त्या जावयाला दत्तक घेऊन त्यालाच घराण्याचे नाव देण्याची रूढी होती. त्याप्रमाणे जावई सेकिर्यो १९२९ साली गादीवर आला. कागियाचोची इमारत त्याच्याच कारकिर्दीतली. सेकिर्योलाही मुलगा झाला नाही. त्यानेही जावई दत्तक घेतला. परंतु तो जावई घर सोडून निघून गेला. अखेर १९४९ साली नातू हिरोशी यामाउची याने शिक्षण अर्धवट सोडून पेढीचा कारभार हाती घेतला. तेव्हा त्याने पंचविशीही गाठली नव्हती. आपल्याखेरीज घराण्यातील दुसरा कोणी पेढीत नसावा, अशी अट त्याने आजोबांना घातली होती, असे सांगितले जाते. जुन्या नोकरमंडळींचा रोषही त्याला पत्करावा लागला.

त्याने १९५३ साली प्लॅस्टिकचे पत्ते बाजारात आणले आणि १९५९ साली डिझ्नीच्या चित्रांचे पत्ते छापले. हा निर्णय लहान दिसला तरी त्याने गिऱ्हाईक बदलले. अड्ड्यावरचा माल घरच्या दिवाणखान्यात आला. साठच्या दशकात मात्र पत्त्यांची मागणी घसरू लागली. हिरोशीने झटपट शिजणाऱ्या भाताचा व्यवसाय करून पाहिला, टॅक्सीचा धंदा करून पाहिला. त्यांत यश आले नाही.

या पडत्या काळात पेढीला हात दिला तो कारखान्यातील एका तंत्रज्ञाने. गुनपेइ योकोइ हा क्योतोचाच तरुण १९६५ साली पत्ते छापणाऱ्या यंत्रांची देखभाल करण्यासाठी नोकरीस लागला होता. काम थोडे आणि वेळ पुष्कळ, म्हणून त्याने रिकामपणी जाळीसारख्या कात्र्यांचा लांबवर पोहोचणारा एक पंजा बनवला. मालकाने तो पाहिला. नोकर कामाच्या वेळी खेळणी करतो म्हणून त्याला घरी न पाठवता मालकाने ते खेळणे विक्रीस काढायला सांगितले. १९६६ सालच्या त्या 'अल्ट्रा हँड'चे दहा लाखांहून अधिक नग खपले. योकोइचे सूत्र असे होते, की नवीन आणि महागडे तंत्र शोधत बसण्यापेक्षा जुने झालेले, स्वस्त आणि खात्रीचे तंत्र नव्या कामास लावावे. आगगाडीत एक प्रवासी वेळ घालवण्यासाठी गणकयंत्राची बटणे दाबत बसलेला त्याला दिसला आणि त्यातून १९८० साली हातात मावणारा 'गेम अँड वॉच' निघाला. १९८९ साली आलेला 'गेम बॉय'ही याच सूत्राचा. त्याचा पडदा रंगीत नव्हता, पण तो स्वस्त होता आणि त्याच्या बॅटऱ्या पुष्कळ काळ टिकत. रंगीत आवृत्तीसह त्याचे जवळजवळ ११ कोटी ८७ लाख नग विकले गेले.

२००२ साली हिरोशीने गादी सोडली, तेव्हा ती घराण्याबाहेर गेली. नवा अध्यक्ष सातोरु इवाता हा शाळकरी वयात गणकयंत्रावर खेळ रचणारा हौशी होता. २०१४ साली धंदा तोट्यात असताना त्याने माणसे कमी करण्याऐवजी स्वतःचे वेतन पाच महिन्यांसाठी निम्मे केले. २०१५ साली, अवघ्या ५५व्या वर्षी त्याचे निधन झाले. प्रौढ हौशी त्याचे नाव आजही आदराने घेतात.

कागियाचोच्या त्या इमारतीत २०२२ सालापासून 'मारुफुकुरो' नावाचे १८ खोल्यांचे हॉटेल आहे. जुन्या वास्तूला जोडलेल्या नव्या भागाच्या रचनेवर विख्यात वास्तुविशारद तादाओ आंदो यांनी देखरेख केली. पत्त्यांची वखार पाडून त्या जागी काचेचा मनोरा उभारणे सोपे होते. घराण्याने तसे केले नाही, म्हणूनच आजच्या हौशी प्रवाशाला फलकापुढे उभे राहता येते.

तेथून निघालेला हौशी किंतेत्सु रेल्वेने दक्षिणेकडे ओगुरा स्थानकावर उतरतो. हे गाव उजी नगराच्या हद्दीत येते. उजी हिरव्या चहासाठी आणि ब्योदो-इन या प्राचीन मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. जपानच्या दहा येनच्या नाण्यावर याच मंदिराचे चित्र आहे. ओगुरा स्थानकापासून थोड्या अंतरावर निन्टेंडोचा १९६९ साली बांधलेला कारखाना होता. तेथे पत्ते तयार होत आणि पुढे नादुरुस्त यंत्रांची दुरुस्ती होई. २ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याच जागी 'निन्टेंडो म्युझियम' सुरू झाले. तेथे ऐनवेळी जाऊन तिकीट मिळत नाही. बहुधा काही महिने आधी नाव नोंदवावे लागते आणि सोडतीत ते निघाले की प्रवेश मिळतो.

वरच्या मजल्यावर पत्त्यांपासून आजच्या यंत्रांपर्यंतचा माल कालक्रमाने मांडला आहे. तेथे छायाचित्रे घेण्यास मनाई आहे आणि वस्तूंच्या शेजारी लांबलचक माहितीही लावलेली नाही. त्यामुळे एक मजेदार दृश्य दिसते. वडील काचेपुढे वाकून मुलाला सांगत असतात, 'हे आमच्याकडे होते, याचे हे बटण नेहमी अडकायचे.' फलकाने सांगायचे ते काम घरातील वडीलधारे करतात.

खालच्या मजल्यावर प्रत्यक्ष खेळायला मिळते. प्रत्येकाला तिकिटासोबत दहा आभासी नाणी दिली जातात आणि प्रत्येक खेळाला ठरावीक नाणी खर्चावी लागतात. दहा संपली की संपली. जादा नाणी विकत मिळत नाहीत. माणसाहून मोठे नियंत्रक तेथे ठेवले आहेत. एकाने दिशा सांभाळायची, दुसऱ्याने बटणे दाबायची, तेव्हा कुठे मारिओ उडी मारतो. नवरा-बायको, बाप-लेक अशा जोड्या हसत, एकमेकांवर ओरडत तो खेळ खेळतात. ज्या बायकोने वर्षानुवर्षे 'अजून तेच का खेळत बसलाय?' असे विचारले, तिलाही क्षणभर त्या उडीची गंमत कळते.

दिवस संपल्यावर खाण्याचा प्रश्न उभा राहतो आणि शाकाहारी प्रवाशाने येथे सावध असावे. जपानी रस्सा, नूडल्स आणि चटण्यांमध्ये 'दाशी' नावाचा अर्क असतो. तो बहुधा वाळवलेल्या माशापासून काढतात, त्यामुळे पदार्थात मांस दिसले नाही तरी तो शाकाहारी असेलच असे नाही. क्योतोतील बौद्ध मठांची 'शोजिन र्‍योरी' ही भोजनपरंपरा मात्र मांस-मासे वर्ज्य मानते. तेथे अर्कासाठी समुद्री शेवाळ आणि अळंबी वापरतात. कंदमुळे त्यातही असतात, म्हणून जमीनकंद न खाणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावे. क्योतोचा टोफू प्रसिद्ध आहे. चारचौघांचा प्रवास असेल तर घरून नेलेला खाकरा आणि मेतकूट कामी येतात.

प्रौढ हौशीची खरी काळजी या संग्रहालयाबाहेर सुरू होते. दिवसा तो दुकान किंवा कचेरी सांभाळतो. रात्री मुले झोपली, रोजकीर्द मिटली की कपाटातील जुने यंत्र बाहेर काढतो. तासभर खेळतो आणि मग वहीत टिपून ठेवतो: हा खेळ कोणी रचला, कोणत्या वर्षी आला, जपानी आणि अमेरिकी आवृत्तीत काय फरक आहे, कोणता भाग निकामी झाला आणि तो कसा बदलला. ही नोंद त्याला कोणी सांगितलेली नसते आणि तिचे पैसेही मिळत नाहीत. नातेवाइकांच्या बैठकीत तो याविषयी सहसा बोलत नाही. 'एवढा मोठा माणूस आणि व्हिडिओ गेम!' हे वाक्य त्याने पूर्वी ऐकलेले असते.

तरीही ही नोंद व्यर्थ नाही. अमेरिकेतील 'व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन' या संस्थेने २०२३ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात विकत मिळत नाहीत, असे तीत आढळले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये निन्टेंडोने आपल्या दोन जुन्या यंत्रांची ऑनलाइन दुकाने बंद केली. जुन्या कॅसेटमध्ये खेळाची प्रगती जपून ठेवण्यासाठी बटणाएवढी बॅटरी असे. ती संपली की त्या मुलाने तीस वर्षांपूर्वी जपलेला डाव कायमचा पुसला जातो. चित्रावर नेम धरायची जुनी बंदूक आजच्या सपाट पडद्यावर चालत नाही, कारण तिला जुन्या काचेच्या नळीचाच पडदा लागतो. वस्तू शिल्लक असली तरी ती चालवण्याची विद्या हरवत जाते. टोकियोत 'गेम प्रिझर्वेशन सोसायटी' ही संस्था २०११ पासून जुने जपानी खेळ जतन करण्याचे काम करते. परंतु त्यातील बरेचसे ज्ञान अजूनही हौशी माणसांच्या वह्यांतच आहे.

अशा वहीचे पुढे काय होऊ शकते, याचे एक उदाहरण जपानमध्ये आहे. सातोशी ताजिरी हा खेळांचा वेडा तरुण १९८३ च्या सुमारास 'गेम फ्रीक' नावाचे हस्तलिखित पत्रक काढू लागला. पाने स्वतः लिहायची, स्वतः टाचायची आणि विकायची. केन सुगिमोरी या चित्रकाराच्या हाती ते एका दुकानात पडले आणि तो त्याला येऊन मिळाला. १९८९ साली त्या पत्रकाची कंपनी झाली आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये तिने 'पोकेमॉन' जगाला दिले. सगळ्याच वह्यांचे असे होत नाही, हेही खरे. टोकियोत १९७५ पासून भरणाऱ्या 'कॉमिकेट' मेळ्यात हजारो हौशी मंडळी आपापली छोटी पुस्तके मांडतात. त्यांतील बहुतेकांना छपाईचा खर्चही जेमतेम निघतो. तरी पुढच्या मेळ्यास ती पुन्हा येतात.

छंद आणि व्यसन यांतील सीमारेषेचा विचार मात्र टाळून चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर'ची नोंद आहे आणि ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. किती तास खेळले, हा त्याचा मुख्य निकष नाही. खेळावरचा ताबा सुटणे, इतर कामांपेक्षा खेळालाच महत्त्व देणे, नुकसान दिसत असूनही तो न थांबवणे आणि हे साधारण वर्षभर चालू राहणे, ही त्याची लक्षणे मानली आहेत. जपानच्या कागावा प्रांताने २०२० साली अठरा वर्षांखालील मुलांनी शाळेच्या दिवशी ६० मिनिटे आणि सुट्टीच्या दिवशी ९० मिनिटे खेळावे, असा नियम केला. त्यात शिक्षेची तरतूद नाही. अंमलबजावणी घरावर सोपवली आहे.

दुसरी सीमारेषा पैशाची आहे. पत्त्यांच्या अड्ड्यावरचा जुगार मोबाइलच्या पडद्यावर नव्या रूपात परत आला. पैसे भरून सोडतीतून वस्तू मिळवण्याच्या 'गाचा' पद्धतीतील एक प्रकार जपानने २०१२ साली बेकायदा ठरवला. भारतातही २०२५ साली पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने संमत केला. जुन्या कॅसेटचा हौशी आणि रात्रीत पैसे घालवणारा खेळाडू हे दोघेही पडद्यापुढेच बसलेले असतात; म्हणून घरातील वडीलधारी माणसे दोघांना एकच समजतात. परंतु पहिल्याने एकदा किंमत मोजून वस्तू घेतलेली असते आणि तिचा हिशेब तेथेच संपतो. दुसऱ्याचा हिशेब कधीच मिटत नाही. जमाखर्च ठेवणाऱ्या कुटुंबाला हा फरक समजावा लागत नाही. फक्त तो पाहण्यासाठी मुलाच्या किंवा नवऱ्याच्या शेजारी थोडा वेळ बसावे लागते.

ओगुराच्या संग्रहालयात जादा शुल्क भरून हानाफुदा हाताने तयार करून पाहता येतो आणि चटईवर बसून तो खेळताही येतो. निन्टेंडो आजही हे पत्ते छापते. परतीच्या प्रवाशांपैकी अनेकांच्या पिशवीत महागडी बाहुली वा यंत्र नसते; ४८ पत्त्यांची मुठीत मावणारी एक डबी असते. ती घरी पोहोचते. जेवणे आटोपल्यावर सतरंजी पसरली जाते. आजी चष्मा पुसून चेरी आणि शेवंती ओळखू लागते, नातू तिला महिने सांगतो आणि कपाटातले जुने यंत्र त्या रात्री बंदच राहते. पैसे कोणी लावत नाही. गुण मात्र वहीत नीट लिहून ठेवले जातात, आणि ते काम घरातील त्या पन्नाशीच्या हौशी माणसाकडे आपोआप येते.